अड्यारच्या पाचवीला सगळं कळतं

चेन्नईहून परत आल्यापासून साताऱ्यात मला प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. उकाडा फार होता का, आणि रोज इडली खाल्ली का. दोन्हींचं उत्तर हो. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

उरलेल्यांना आधी मी तिकडे कशाला तडमडले ते सांगते. कर्णबधिर मुलांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या एका कॉलेजात मी शिकवते, आणि कॉलेज, घर आणि सासूबाई यांच्यातून जो वेळ उरतो त्यात पीएचडी करते. विषय आहे ‘भावी शिक्षकांच्या सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणाची परिणामकारकता : एक अभ्यास’. शेवटी ‘एक अभ्यास’ लावावंच लागतं, नाहीतर लोक त्याला सिनेमा समजतील. चेन्नईत अड्यार भागातल्या एका प्रशिक्षण संस्थेने छात्राध्यापिकांना हातांच्या खुणांची भाषा शिकवायचा नवा अभ्यासक्रम सुरू केला होता आणि आमच्या क्षेत्रात त्याचा भलताच बोलबाला होता. तिथे जायचं, त्या मुलींचे शाळेतले सराव पाठ बघायचे, समोरच्या मुलांना किती कळतं ते नोंदवायचं आणि परत यायचं, एवढंच काम. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला.

“निष्कर्षाचं प्रकरण वाचलं तुमचं. उत्तम झालंय. आता तेवढी माहिती गोळा करून आणा.”

तिरुवल्लिकेणी

संस्थेने मला वसतिगृहात खोली देऊ केली होती. खोली होती, खाट होती, पंखाही होता. पाणी नव्हतं. प्राचार्या मॅडमनी ही बातमी आज जरा ढग आहेत अशा सुरात सांगितली आणि लगेच उपायही काढला. “तुम्ही मराठी ना? आमच्याकडे एक मराठी मुलगी आहे.” आणि हरवलेली बॅग मालकाच्या ताब्यात द्यावी तसं त्यांनी मला सुगुणाच्या हवाली केलं.

सुगुणा त्यांची छात्राध्यापिका. बाविशीची, काळीसावळी, वेणीत मोगऱ्याचा गजरा. “आमच्या घरी येवा, मॅम. आम्हि मराठीच,” ती म्हणाली. परमुलखात आपली भाषा ऐकून माझे डोळे भरून यायच्या बेतात होते, पण रिक्षात तिचं पुढचं बोलणं ऐकताना लक्षात आलं की मला निम्मंच समजतंय. तिचे पूर्वज तंजावरला उतरले तेव्हाची मराठी तिने जपून ठेवली होती, आणि ती तमिळच्या चालीवर म्हणत होती. तिलाही माझं बोलणं गमतीचं वाटत होतं. “तुम्हि टीव्हीतल्यासारखं बोलता,” ती हसून म्हणाली.

घर तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. समोर बिनलग्नाच्या नोकरदार पुरुषांची एक ‘मॅन्शन’, तिच्या सगळ्या कठड्यांवर लुंग्या वाळत घातलेल्या. दार उघडलं सुगुणाच्या आत्याने. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते.

“ये गे. ऊन लागलं की तुज? बैस. अगोदर जेव, मग तू कोण ती सांग.”

आमच्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग पाहुण्यारावळ्यांत कोण कोण निघतं ते, आणि तोवर ताट निवून जातं. इथे मी कोण आहे हे कळायच्या आत माझ्यापुढे केळीचं पान आलं. त्यावर डांगर पच्चडी वाढली. उडदाचं डांगर दह्यात कालवलेलं, वरून फोडणी. माझी आई करते तेच, फक्त नाव जरा लांब. मग सांबार आलं आणि त्याबरोबर, सांबार हे मराठ्यांनीच तंजावरात शोधून काढलं, ही कथाही आली. पुढे त्या शहरात मला जो जो मराठी माणूस भेटला, बँकेतला असो की मोटारींच्या कारखान्यातला, त्याने मला ही कथा पहिल्या दहा मिनिटांत ऐकवली. त्यात मी साताऱ्याची. त्यामुळे पहिली फोडणी माझ्याच घरी पडली असावी अशा आदराने सगळे माझ्याकडे बघत.

जेवताना आतून सुगुणाची आई आल्या. तुळसाबाई. जन्मापासून ऐकू येत नाही. सुगुणा त्यांच्याकडे वळली मात्र, ती निराळीच मुलगी झाली. हात, भुवया, खांदे, सगळं बोलायला लागलं. तो वेग बघून मला घास गिळायचं भान राहिलं नाही. पण मीही काही कमी नव्हते. माझ्याकडे सांकेतिक भाषेचं प्रमाणपत्र आहे, त्यावर सोनेरी शिक्का आहे. मी हात धुऊन आले आणि तुळसाबाईंपुढे उभी राहून एकेक खूण नीट कोरून माझं नाव, गाव आणि येण्याचा हेतू सांगितला. त्यांनी शांतपणे बघितलं, हसल्या आणि मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी सांबार पुन्हा मागून घेतलं.

अक्कांनी वाढता वाढता घरातली खरी काळजी सांगितली. “गेल्या वर्षीं परीक्षेंत नापास केलं गे हिला. हात चालविते, तोंड उघडेना म्हणून.”

प्रकार असा होता. अंतिम सराव पाठाला बाहेरून परीक्षक येतात. त्यांना खुणांची भाषा येत नाही, ती यावी असा नियमही नाही. म्हणून मुलींनी हातांनी खुणा करताना तोंडाने मोठ्याने तमिळही बोलायचं, म्हणजे परीक्षकांना पाठ ऐकू येतो. सुगुणा बोलली नव्हती. शेरा पडला, ‘आवाज पोहोचत नाही, वर्गावर ताबा नाही.’ यंदाची तिची दुसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली तर तिच्या काकांनी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती.

“कंपनीची बस आपल्या कोपऱ्यावरच थांबते,” अक्का म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने हा बिनतोड मुद्दा होता.

सुगुणा म्हणाली, “मज त्या बसमधें बसायचं नाही, आत्या.” आणि पानावरून उठली.

अड्यार

दुसऱ्या दिवशी सुगुणा लवकर गेली होती, म्हणून मी एकटीच गुलाबी पाटीच्या बसमध्ये बसले. या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे कंडक्टर आपल्याला काय विचारतोय याची चिंता करायचं कारण नव्हतं. त्याने काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली, शिवाय हसले. बस अड्यार मागे टाकून तिरुवान्मियूरला पोहोचली तेव्हा कळलं की बाईंना शेवटपर्यंत जायचंय याची तो बिचारा खात्री करून घेत होता.

उशिरा का होईना, पोहोचले. संस्थेला लागूनच कर्णबधिर मुलांची शाळा आहे आणि तिची पाचवी सराव पाठांसाठी राखीव. मुलं अर्धगोलात बसलेली, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतात. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि माझं बारसंही केलं. नाकावरून घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलायचा, हे माझं नाव. साताऱ्याला आईवडिलांनी पंचांग बघून ठेवलेल्या नावापेक्षा हे कितीतरी अचूक होतं.

पाठ मात्र डोळे दिपवणारे होते. छात्राध्यापिका खणखणीत तमिळ बोले, हात चालवी, आणि मध्येच विचारी, “पुरियुदा?” म्हणजे, कळलं का? सगळा वर्ग एका तालात मान हलवी. प्रश्न विचारला की बोटांची रांग वर. उत्तरं बरोबर. मी नोंदी करत सुटले. जगातली एवढी समजूतदार पाचवी मी पाहिली नव्हती. सरांना फोनवर सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. “मी म्हटलं नव्हतं? निष्कर्ष बरोबरच होता.”

मग जयंतीचा पाठ आला. जयंती गोड मुलगी, विषय ‘वनस्पतीचे भाग’. रोज कोणाचा ना कोणाचा तोच विषय असे. सुरुवातीला वातावरण मोकळं करावं म्हणून तिने, माझ्या हातातल्या तिच्या इंग्रजी टाचणात होतं तसं, मुलांना विचारलं, “काल सुटीत तुम्ही काय केलं?”

अर्धगोलाच्या मधोमध देवी नावाची एक शिडशिडीत मुलगी बसे. तिने तत्परतेने हात वर केला आणि खुणेने सांगितलं, “मूळ.”

“वेरी गुड,” जयंती म्हणाली. “आणि तू?”

“खोड.”

“वेरी गुड. तू?”

“पानं. हिरवी.”

“वेरी वेरी गुड!”

मी चष्मा वर ढकलला. इतक्या दिवसांत झाडाच्या खुणा तरी मला पाठ झाल्या होत्या. मग मी पाठाकडे बघायचं सोडून मुलांकडे बघायला लागले, आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. देवी वेणी खांद्यावरून पुढे घेई, की वर्ग मान हलवी. वेणी मागे टाकली, की थांबे. ही पाचवी म्हणजे मुरलेली नटमंडळी होती. रोज नव्या बाया येत, तेच झाड शिकवत, आणि बाई मुलांसमोर नापास होऊ नये म्हणून मुलं आपल्या परीने हातभार लावत. बाईंना खुणा करता येत, वाचता येत नसत. मुलांना तमिळ ऐकू येत नसे, आणि तमिळ बोलता बोलता केलेल्या खुणांचं जे भरीत होई ते समजत नसे. परीक्षकांना खुणांतलं काहीच समजत नसे, पण ऐकू छान येई. सगळे खूश होते. माझी वही तर तुडुंब भरली होती.

संध्याकाळी मरीनाच्या वाळूत सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, खात मी सुगुणाला विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“सगळ्यांस माहीत असते, मॅम,” ती म्हणाली. “माझे आईस विचारा.”

घरी तुळसाबाई वांगी चिरत होत्या. सुगुणाने विचारल्यावर त्यांनी विळी बाजूला सारली. त्यांचे हात बोलत होते आणि सुगुणा शेजारी बसून मला सांगत होती.

“मी आठवीपरेंत मान हलवून शिकलें. मान हलविली की बाई हासत. त्या हासल्या की मज बरं वाटे. कधीं नापास झालें नाहीं.” सुगुणा जरा थांबली. “हिच्या जन्माचे वेळीं दवाखान्यांत डाक्टरने कायकीं विचारलं. मी मान हलविली. मागून कळलं, पुढें मूल नको असं ऑपरेशन करूं का, असं विचारीत होता.”

‘हिच्या’ म्हणजे कोणाच्या हे सुगुणाने सांगितलं नाही. ती सरळ समोर बघत होती. तुळसाबाईंनी विळी पुन्हा ओढून घेतली आणि उरलेलं वांगं चिरायला घेतलं. मला फार वाईट वाटलं. आणि पहिल्या दिवशी माझं नाव, गाव, हेतू बघून त्यांनी हलवलेली मानही आठवली. तिचा मला किती अभिमान वाटला होता! त्या रात्री मी सांबार एकदाच घेतलं.

परीक्षेचा दिवस

परीक्षक कांचीपुरमहून आले. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, वागायला अतिशय सौम्य. दुसऱ्या परीक्षक बाई आल्याच नाहीत. प्राचार्या मॅडमना रिकामी खुर्ची बघवेना, म्हणून त्यांनी तिच्यावर मला बसवलं. “तुम्ही तर संशोधक!” ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद’ या सदराचे गुण मी सुचवायचे होते. मी अर्थातच मान हलवली.

सुगुणाचा विषय निघाला ‘बियाचं रोप होणं’. ती आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि हातांनी बोलायला लागली. तोंड बंद. परीक्षकांनी थोडं पुढे झुकून कानाशी हात नेला. प्राचार्या मॅडमनी डोळे मिटून घेतले.

सुगुणाने खुणेने विचारलं, कळलं? देवीची वेणी पुढे आली, माना हलल्या. मग सुगुणाने फळ्यावर एक झाड काढलं. मुळं आभाळात, पानं मातीखाली. कळलं? वेणी, माना. तिने बिया हवेत उडवल्या, फुलं जमिनीत पुरली. माना.

मग ती नुसतीच उभी राहिली. हसली नाही, रागावली नाही, ‘वेरी गुड’ही म्हणाली नाही. एकेका मुलाकडे बघत राहिली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. प्राचार्या मॅडम खोकल्या, ज्याचा त्या वर्गात आमच्याखेरीज कोणाला उपयोग नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे ती कोपऱ्यावरची बस येऊन उभी राहिली होती. बाई गं, दे ना एकदाचं मूळ आणि खोड, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

देवीचा हात वेणीवरून खाली आला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि लहानशी खूण केली. चूक.

सुगुणाने तिला खडू दिला. देवीने झाड सुलटं केलं. टोकाच्या एका पोराने उठून तिची मुळं पुसली आणि जास्त लांब काढली. तिसऱ्या मुलीला ती पसंत नव्हती. बघता बघता वर्ग उठला. बाकं बडवली जात होती, एकमेकांचे खांदे ओढले जात होते, हात नुसते भिरभिरत होते. आपला आवाज किती होतो हे त्या मुलांना कळायचं कारण नव्हतं, आणि तो कौलं उडवणारा होता. सुगुणा मध्ये उभी राहून एकाला उत्तर देत होती, दुसऱ्याला थांबवत होती, तिसऱ्याला उलट विचारत होती.

परीक्षक हळहळून माझ्याकडे वळले. त्यांचं आणि माझं इंग्रजीतून चाले. “आवाज नाही. ताबा नाही. गेल्या वर्षीचा शेरा मला बदलता येईल असं दिसत नाही. तुमच्या सदरात काय लिहू? मुलांना कळतंय?”

“कळतंय,” मी म्हणाले.

“ती वेणीवाली मुलगी काय म्हणतेय?”

देवी सुगुणाशी तावातावाने काहीतरी बोलत होती. मला माती कळली. बी कळलं. बाकी हात. काहीतरी ठोकून द्यायचं अगदी ओठांवर आलं होतं. सुगुणासाठीच तर देणार होते. पण तुळसाबाईंचं ते वांगं आठवलं.

“मला कळत नाही,” मी म्हणाले.

प्राचार्या मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात थुंकलेच.

“कळत नाही?” परीक्षकांना खरोखरच धक्का बसला. “मग इतके दिवस तुम्ही नोंदवत काय होतात?”

“माना,” मी म्हणाले. “सर, मुलीलाच विचारा ना. तिच्या हातात खडू आहे.”

ते उठले. देवीजवळ जाऊन त्यांनी फळ्याकडे बोट केलं. तिला काय हवंय ते समजलं. तिने अडखळत, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये एक ओळ लिहिली. परीक्षकांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्यासाठी इंग्रजीत सांगितली.

“माती आत अंधार. वर कुठे, बीला कसं कळतं?”

इतक्या वेळा ते झाड शिकलेल्या मुलीचा हा पहिला प्रश्न होता.

परीक्षकांचा चेहरा एकदम उजळला. परीक्षा ते विसरलेच. आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांनी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड करून, मुलांकडे पाठ करून, सुंदर, स्पष्ट, ओघवत्या तमिळमध्ये सगळं समजावून सांगितलं. बाण काढले. पृथ्वी काढली. मग वळून, हात झटकत, त्यांनी प्रेमाने विचारलं, “पुरियुदा?”

हा शब्द ओठांवर ओळखायला त्या मुलांना कोणाची मदत लागत नव्हती. सगळे देवीकडे बघत होते. देवीने परीक्षकांकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मागोमाग सगळ्या वर्गाने नाही म्हटलं.

मग परीक्षकांनी खडू सुगुणापुढे धरला. “तू सांग, अम्मा.”

तिने सांगितलं. देवीने तीनदा अडवलं, आणि तीनदा तिला उत्तर मिळालं. परीक्षक माझ्या शेजारी येऊन बसले आणि शेवटपर्यंत त्यांनी एकदाही कानाशी हात नेला नाही. आवाजाच्या सदरात त्यांनी लिहिलं, ‘गरज पडली नाही’. सुगुणा पास झाली. प्राचार्या मॅडम माझ्याशी आजतागायत नीट बोललेल्या नाहीत.

सरांना मी जिन्यातूनच फोन करून सांगितलं की माझ्या नोंदी केरात टाकायच्या लायकीच्या आहेत आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. “अहो, पण निष्कर्षाचं प्रकरण इतकं छान झालं होतं,” ते म्हणाले. माणूस घरातलं कोणी गेल्यावर बोलतो तसा त्यांचा सूर होता. आता माझी पीएचडी कधी पूर्ण होणार हे मला कोणी विचारू नये. विचारलं तर मी इडलीबद्दल सांगेन.

घरी पोहोचलो तेव्हा पानं मांडलेली होती. अक्कांनी सुगुणाचा चेहरा बघितला, “अय्यो, पास की गे!” म्हणून तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि लगेच वाढायला घेतलं. तुळसाबाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. सुगुणाने त्यांना सगळं सांगितलं. उलटं झाड, देवी, फळ्यावरची ओळ. तुळसाबाई हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या, पातेलं खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

“आई पुसते,” सुगुणा मला म्हणाली, “मग बीस कसं कळते?”

ती आईला सांगायला लागली. तुळसाबाई लक्ष देऊन बघत होत्या. मध्येच त्यांची मान जुन्या सवयीने हलायला लागली. अर्ध्यावर थांबली. त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, एक हात वर करून लेकीला थांबवलं आणि खूण केली. ही खूण मात्र मला कोणी सांगावी लागली नाही. कळलं नाही, पुन्हा सांग.

“भात निवतो की गे!” अक्का ओरडल्या.

सुगुणाने पहिल्यापासून सुरुवात केली.